दारू सोडायची आहे, मीटिंग कुठे सापडेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारू सोडू पाहणारे एकत्र बसून आपापलं बोलतात त्याला आम्ही मीटिंग म्हणतो, आणि अशा मदतगटाच्या फोनवर आठवड्यातली एक संध्याकाळ मी बसतो. फोन उचलला की बऱ्याचदा पहिले काही क्षण पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. मग आवाज येतो, "एका मित्रासाठी विचारायचं होतं." मित्रासाठी तर मित्रासाठी. मीही पहिला फोन तसाच केला होता. त्या फोनांवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे लिहून काढले आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरचं काम आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी एक सांगा, मी उद्यापासून एकदम बंद करून थेट मीटिंगला आलो तर चालेल?

हा प्रश्न खरं तर शेवटी येतो, पण उत्तर सर्वांत आधी द्यायला हवं. तुम्ही रोज भरपूर पीत असाल, सकाळी उताऱ्याशिवाय हात स्थिर होत नसेल, किंवा पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली असेल, भास झाले असतील, तर एकट्याने एकदम बंद करू नका. शेवटच्या प्याल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी प्रचंड थरथर, ताप, भ्रम, नसलेली माणसं दिसणं असा प्रकार सुरू होऊ शकतो. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. अशा वेळी आधी डॉक्टर. पहिले काही दिवस औषधं देऊन, देखरेखीखाली दारू उतरवता येते. मीटिंगला मात्र त्याच्या आधी, मध्ये, नंतर केव्हाही या. दारू पूर्ण थांबलेली असलीच पाहिजे अशी अट दारावर कुणी घालत नाही.

शोध कुठून सुरू करू?

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, सगळे ए.ए. म्हणतात, ही यातली सर्वांत पसरलेली संघटना. दीडशेहून अधिक देशांत तिचे गट आहेत. बहुतेक देशांतल्या ए.ए.चं स्वतःचं संकेतस्थळ असतं आणि त्यावर गावनिहाय, वारनिहाय मीटिंगची यादी असते. 'मीटिंग गाइड' नावाचं मोफत ॲप आहे. तुम्ही उभे आहात तिथून जवळची मीटिंग ते दाखवतं, पण सगळ्या देशांतल्या याद्या त्यात सारख्या भरलेल्या नाहीत. त्यात काही दिसलं नाही म्हणजे तुमच्याकडे गट नाही असं समजू नका. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, रुग्णालयातले समाजसेवक यांनाही विचारा. त्यांच्याकडे एखाद्या जुन्या सदस्याचा नंबर बऱ्याचदा असतो.

एक खबरदारी घ्या. इंटरनेटवर 'दारू सोडण्यासाठी मदत' असं शोधलं की सर्वांत वर जाहिराती येतात, आणि त्या बहुतेक दाखल करून घेणाऱ्या केंद्रांच्या असतात. काही केंद्रं चांगली आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्हाला हवा आहे गट, आणि गटाकडे विकायला काहीच नसतं. फोनवरचा माणूस खाटा, दिवस आणि पॅकेजची भाषा बोलू लागला तर तो गट नव्हे, एवढं ओळखा.

यादीतला पत्ता बरोबर कशावरून?

कशावरूनच नाही. गट भाड्याच्या किंवा मागून घेतलेल्या खोलीत भरतात. खोली बदलते, वेळ बदलते, एखादा गट बंद पडतो, आणि यादी बदलायचं काम ज्याच्याकडे असतं तो स्वयंसेवक तेव्हा आजारी असतो. म्हणून निघण्याआधी फोन करून तीनच गोष्टी विचारा: आज मीटिंग आहे ना, नक्की कुठल्या दारातून यायचं, आणि मी नवीन आहे, कुणी बाहेर भेटेल का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा "हो" मिळतं आणि त्यानेच सगळं सोपं होतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा इमारत बरोबर होती, मजला चुकीचा. एका शिकवणीच्या वर्गात जाऊन बसलो होतो. पाच मिनिटांनी उठलो आणि तडक घरी गेलो. पुन्हा यायला मला सात महिने लागले. एका फोनने ते सात महिने वाचले असते, म्हणून हे इतकं घोळवून सांगतोय.

बाहेर मोठी पाटी असेल अशी अपेक्षा ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी नुसती दोन अक्षरं लिहिलेला कागद दाराला चिकटवलेला असतो.

यादीत 'ओपन' आणि 'क्लोज्ड' लिहिलंय. मी कुठे जायचं?

तुम्हाला स्वतःला दारू सोडायची असेल तर दोन्हीकडे. क्लोज्ड मीटिंग फक्त दारूची अडचण असलेल्यांसाठी असते. ओपन मीटिंगला घरचे, मित्र, विद्यार्थी, कुणीही येऊन बसू शकतं. बायकोला किंवा भावाला सोबत आणायचं असेल तर ओपन बघा.

त्याखेरीज प्रकार आहेत. स्पीकर मीटिंगमध्ये एक-दोन जण आपली हकीकत सांगतात आणि बाकीचे ऐकतात. ज्याला बोलायची भीती वाटते त्याने इथून सुरुवात करावी. चर्चेच्या मीटिंगमध्ये एक विषय घेऊन ज्याला वाटेल तो बोलतो. पायऱ्यांच्या मीटिंगमध्ये ए.ए.च्या बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारूपासून सुटण्यासाठी एकामागून एक करायच्या टप्प्यांपैकी, एक घेऊन वाचन आणि बोलणं होतं. पहिल्याच दिवशी तिथे गेलात तर मधल्या इयत्तेत बसवल्यासारखं वाटेल, पण चुकून गेलात तरी बिघडत काही नाही. नवख्यांसाठीची मीटिंग वेगळी असते, यादीत तसं लिहिलेलं असतं.

माझी गोष्ट तितकी वाईट नाही. मी रोज पीत नाही, नोकरी शाबूत आहे.

असं असणारे खोलीत बरेच सापडतील. ए.ए.चे गट कसे चालावेत याच्या तत्त्वांना 'परंपरा' म्हणतात; त्यातल्या तिसऱ्या परंपरेनुसार सदस्य व्हायला एकच गोष्ट लागते: पिणं थांबवायची इच्छा. किती प्यायलात, काय घालवलंत, हे तिथे कुणी मोजत नाही.

स्वतःशी पडताळून बघायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने बनवलेली 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. ८ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याकडे झुकलंय असं धरतात. २० किंवा वर गेले तर दारूवर अवलंबून असल्याची दाट शक्यता असते, तेव्हा डॉक्टरकडे जावंच. उत्तरं मात्र खरी लिहा. मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा स्वतःलाच गंडवलं होतं.

आत नेमकं काय होतं? मला उठून बोलावं लागेल?

नाही. "मी आज फक्त ऐकतो" एवढं म्हटलं की पुढच्याकडे पाळी जाते. नुसतं नाव सांगितलं तरी पुरे, आणि ते खरंच असलं पाहिजे असंही नाही.

मीटिंग एक ते दीड तासाची असते. आधी थोडं वाचन, बऱ्याच गटांत एक छोटी प्रार्थना. मग शेअरिंग, म्हणजे एकेकाने आपल्याबद्दल बोलणं. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही. संपल्यावर सल्लाही देत नाही. बाहेरच्या जगात आपल्याला इतके सल्ले मिळालेले असतात की हे फार विचित्र वाटतं. कुणी रडलं तर रडू देतात. हसण्याचे आवाजही येतात, अगदी खो खो हसण्याचे. पहिल्या दिवशी मला त्याचा राग आला होता. माझं घर मोडायला आलंय आणि हे हसतात कशाला?

जमलं तर दहा मिनिटं आधी पोहोचा आणि संपल्यावर पंधरा मिनिटं थांबा. मीटिंगमध्ये जे कळत नाही ते नंतर चहाचा कप हातात घेऊन उभं राहिल्यावर कळतं. फोन नंबरही तेव्हाच मिळतात.

ओळखीचं कुणी भेटलं तर?

मग तोही तिथेच बसलेला असेल, नाही का?

चेष्टा बाजूला ठेवतो. कुणाला इथे पाहिलं आणि कोण काय बोललं ते बाहेर न्यायचं नाही, ही या गटांची मूळ शिस्त आहे. संघटनेच्या नावातच 'अनामिक' आहे. पण ही कायद्याने बांधलेली गुप्तता नव्हे, माणसांनी माणसांना दिलेला शब्द आहे. बहुतेक सगळे तो पाळतात, तरी शंभर टक्के हमी कुणी देऊ शकत नाही. एखाद्या गुन्ह्याचा किंवा चालू खटल्याचा तपशील असेल तर तो भर मीटिंगमध्ये सांगू नका, वकिलाला सांगा. ओळखीचं भेटण्याची फारच धास्ती असेल तर सुरुवातीला दोन भाग सोडून लांबचा गट धरा. अनेकांनी तसंच केलंय.

फोन करायलाच हात धजत नाही.

ए.ए. सुरूच मुळी अशा एका फोनापासून झाली. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरी कामासाठी गेला होता. काम फसलं. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते, हॉटेलच्या एका बाजूला बार होता आणि आतून गप्पांचे आवाज येत होते. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. बोलायला एखादा दारुडा मिळेल का, हे तो विचारत होता. त्या फोनांमधून त्याची गाठ पडली बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. स्मिथ पंधरा मिनिटांहून जास्त वेळ द्यायला तयार नव्हता, पण दोघं कित्येक तास बोलत बसले. स्मिथचा शेवटचा प्याला १० जून १९३५ चा, आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापनादिन धरतात.

त्या दिवशी गरज होती ती फोन करणाऱ्याला. आजही फोनच्या या टोकाला बसलेल्या माणसाचं तसंच आहे. तुम्ही आम्हाला त्रास देत नाही. माझी स्वतःची संध्याकाळ तुमच्या फोनमुळे दारूविना जाते. वाक्य सुचत नसेल तर हे वाचून दाखवा: "माझं पिणं हाताबाहेर गेलंय, जवळची मीटिंग सांगाल का?"

पैसे किती?

नाहीत. फी नाही, नोंदणी नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, ज्याला वाटेल तो टाकतो आणि त्यातून खोलीचं भाडं निघतं. नवख्याने काही टाकू नये असंच जुने सांगतात. बाहेरच्या देणग्या ए.ए. घेत नाही.

मी देव मानत नाही.

बारा पायऱ्यांमध्ये देवाचा आणि 'आपल्यापेक्षा मोठ्या शक्ती'चा उल्लेख येतो, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मूळ मजकुरात "आपल्याला समजला तसा देव" अशी सोय ठेवली आहे. मी ओळखतो असे काही पक्के नास्तिक त्या जागी 'गट' हा शब्द घालून वर्षानुवर्षं निभावतायत. काही गट प्रार्थना म्हणतच नाहीत, यादीत ते 'सेक्युलर' म्हणून दिसतात.

तरी गळ्याखाली उतरत नसेल तर ए.ए. हा एकच रस्ता नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट रिकव्हरीच्या मीटिंग मानसोपचारातल्या तंत्रांवर चालतात: तलफ आली की काय करायचं, विचार कसे तपासायचे, याचा सराव. तिथे 'मी दारुडा आहे' अशी ओळख द्यावी लागत नाही. लाइफरिंग नावाचं निधर्मी गटांचं जाळं आहे. या दोन्हींच्या ऑनलाइन मीटिंगही होतात, म्हणून जवळ गट नसला तरी अडत नाही.

बाई म्हणून एकटीने जायला संकोच वाटतो.

संकोच रास्त आहे. मिश्र गटांत पुरुषच जास्त असतात, हे खरं. यादीत स्त्रियांसाठीची मीटिंग असेल तर तिथून सुरुवात करा. खास स्त्रियांसाठी विमेन फॉर सोब्रायटी ही वेगळी संघटनाही सत्तरच्या दशकापासून आहे. फोनवर "एखाद्या ताईंशी बोलता येईल का?" असं सरळ विचारा. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांमधून हात धरून नेणारा जुना सदस्य, स्त्रीने स्त्रीच निवडावी असा जुना प्रघात आहे, आणि त्याला कारण आहे. नवीन आलेल्या, हळव्या झालेल्या माणसाशी लगट करणारे काही महाभाग याही खोल्यांमध्ये असतात. ए.ए.मधलेच लोक उपरोधाने त्याला 'तेरावी पायरी' म्हणतात. कुणी मीटिंगनंतर एकटं घरी सोडायचा आग्रह धरला, रात्री-अपरात्री मेसेज करू लागला, तर गटाच्या सेक्रेटरीला सांगा आणि तरीही फरक पडला नाही तर गट बदला. पुरुषांनाही हे लागू आहे, ते सांगत नाहीत एवढंच.

एक मीटिंग करून पाहिली. अजिबात आवडली नाही.

कुठली? कुणी बोललं? किती माणसं होती? हे मी विचारतो कारण एका गटाचा स्वभाव दुसऱ्यात नसतो. एके ठिकाणी सगळे साठीच्या पुढचे असतात, एके ठिकाणी तिशीच्या आतले. एके ठिकाणी एकच बुवा पाऊण तास बोलतो आणि बाकीचे छताकडे बघतात. सहा वेगवेगळ्या मीटिंग केल्याशिवाय 'हे माझ्यासाठी नाही' असं ठरवू नये, हे माझं मत. सहाच का, याला शास्त्राचा काही आधार नाही. मला चौथी लागू पडली, त्यावर दोन जास्त धरल्या.

जुने सदस्य नवख्याला ९० दिवसांत ९० मीटिंग करायला सांगतात. ऐकून धाप लागते. नियम नाही तो, सल्ला आहे. ज्यांना रोज जमतं त्यांना त्याचा फायदा होतो, कारण संध्याकाळची पिण्याची वेळच भरून जाते. रोज जमत नसेल तर तुमची तलफ ज्या वाराला, ज्या वेळेला सर्वांत जोरात असते त्या वेळेची मीटिंग शोधा. पगाराच्या दिवशीची, शनिवार रात्रीची. पुढे त्यातल्या ज्या गटात पुढच्या आठवड्यातही जावंसं वाटेल त्याला आपला गट, होम ग्रुप, म्हणा. तिथे खुर्च्या लावायचं काम मागून घ्या. खुर्च्या लावणारा सहसा दांडी मारत नाही.

ऑनलाइन मीटिंग चालेल का?

चालेल. ए.ए.च्या ऑनलाइन इंटरग्रुपच्या, म्हणजे ऑनलाइन गटांच्या सामायिक मंडळाच्या, यादीत चोवीस तासांत कधीही कुठली ना कुठली मीटिंग चालू असतेच, रात्री तीन वाजताही. कॅमेरा बंद ठेवता येतो, नावाच्या जागी दुसरं काही लिहिता येतं. वेळ लिहिलेली असते ती कुठल्या देशाची, तेवढं तपासा, नाहीतर पाच तास आधी जाऊन रिकाम्या पडद्याकडे बघत बसाल. लहान गावात राहणारे, आजारी, अपंग, रात्रपाळी करणारे यांना हा मोठा आधार आहे. माझी भीती एकच: पडद्यावर माणूस तोंडाला वास येत असतानाही ठीक दिसू शकतो. खोलीत शेजारी बसलेल्याला कळतं.

मी डिप्रेशनची गोळी घेतो. दारूची तलफ कमी करायचंही औषध चालू आहे. गटात हे चालतं?

हो. नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही औषधं डॉक्टर याच कामासाठी देतात. यातल्या डायसल्फिरामवर असताना दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं, आणि ते कुणाच्या नकळत जेवणातून द्यायचं औषध नाही. घरच्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. एखादा जुना सदस्य "गोळ्या म्हणजेही व्यसनच, फेकून दे" म्हणाला तर नमस्कार करून पुढे व्हा. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, असं ए.ए.च्या स्वतःच्या पत्रकांत म्हटलेलं आहे.

याचा खरंच उपयोग होतो की नुसतं एकमेकांचं सांत्वन?

२०२० मध्ये वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र करून तपासली. पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि लोकांना ए.ए.शी जोडून देणारे ठरीव पद्धतीचे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड, आणि बऱ्याच तुलनांत सरस दिसले. याचा अर्थ सगळे सुटतात असा नाही. आमच्या खोलीत आलेले कितीतरी परत दिसले नाहीत.

नवऱ्याला (किंवा मुलाला, बहिणीला) मी मीटिंगला कसं न्यावं?

ओढून नेता येत नाही. यादी काढून द्या, ओपन मीटिंगला सोबत चला, आणि दारू उतरलेली असताना, सकाळी, शांतपणे एकदाच बोला. प्यायलेल्याशी रात्री वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं मी ऐकलं नाही.

पण तुम्ही स्वतः कुठे जाताय? घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अॅनॉन आहे, किशोरवयीन मुलांसाठी १९५७ पासून अलाटीन. माणूस पीत असो वा सोडलेला असो, तुम्ही जाऊ शकता, त्याच्या परवानगीची गरज नाही. बाटल्या लपवणं, ऑफिसला खोटे फोन करणं, शेजाऱ्यांसमोर सारवासारव करणं हे सगळं करून थकलेली माणसं तिथे भेटतील. घरात मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट बघू नका, आधी सुरक्षित जागी जा.

आज प्यायलोय. तरी येऊ?

या. गाडी चालवू नका. आत शांत बसा, आज बोलू नका. संपल्यावर कुणीतरी तुमच्याशी बोलेल.

आठ महिने सोडली होती, परत प्यायलो. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

आम्ही याला 'स्लिप' म्हणतो, आणि त्या शब्दाची लाज बाळगत नाही. मी दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा परत गेलो तेव्हा भाषण तयार करून नेलं होतं, कारणं, माफी, सगळं. दारात उभ्या असलेल्या काकांनी ऐकूनच घेतलं नाही. म्हणाले, "आधी खुर्च्या लाव, उशीर झालाय." बऱ्याच दिवसांनी पुन्हा भरपूर प्यायलात आणि थांबवताना थरथर सुटली, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचा. जुनं शरीर ते सगळं विसरलेलं नसतं.

आमच्याकडे खरोखरच एकही गट नाही.

आधी ऑनलाइन जा, पाय रोवा, एक स्पॉन्सर मिळवा. मग तुमच्या भागातला आणखी एक माणूस शोधा. दारू सोडण्यासाठी दोन-तीन जण एकत्र बसले की ए.ए.च्या लेखी तो गट होऊ शकतो. एक खोली मागा, एक वार आणि एक वेळ ठरवा आणि ती बदलू नका. जवळच्या डॉक्टरांकडे वार, वेळ, फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवून या. देशाच्या ए.ए. कार्यालयाला कळवलंत की तुमचं नाव यादीत येईल, छापील साहित्यही मिळेल. पहिले काही आठवडे तुम्ही दोघंच असाल, एखाद्या दिवशी एकटेच. तरी दार ठरल्या वेळेला उघडा आणि तास संपेपर्यंत बसा, कारण कुणीतरी समोरच्या फुटपाथवरून आत दिवा आहे का ते बघत उभं असतं.